प्रतापगडचें एक लहान शेत : दारावरील अंडीं व मांसविक्री

शेतकऱ्याच्या घरीं जाऊन त्याच्याच हातून अंडीं, कोंबडी अगर बोकड विकत घेणें ही कांहीं नवी रीत नव्हे. आपल्या आजोबांच्या काळीं बहुतेक खेड्यांत दुसरी रीतच नव्हती. पुढें बाजार वाढला, मध्यस्थ आले, हजारों पक्ष्यांचीं मोठीं कुक्कुटगृहें उभीं राहिलीं आणि खाणारा व पोसणारा यांची गांठच पडेनाशी झाली. आतां तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गांवचे लोक ‘गांवरान’ माल शोधीत पुन्हां खेड्यांत येऊं लागले आहेत. हें गिऱ्हाईक चार पैसे अधिक देतें; परंतु तें कशाबद्दल अधिक देतें, आणि तें टिकवावयाचें तर विकणाऱ्यानें काय संभाळलें पाहिजे, याचा विचार आपल्यांत फारसा होत नाहीं. गेल्या वर्षभरांत प्रतापगडच्या एका लहान शेतावर आम्ही तीन वेळां असा माल घेण्यासाठीं गेलों. तीन खेपांना तीन निरनिराळे अनुभव आले. ते शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून येथें देत आहों.

गांव व शेत

प्रतापगड म्हटलें कीं सातारा जिल्ह्यांतील शिवछत्रपतींचा किल्ला डोळ्यांपुढें येतो. आम्ही म्हणतों तो प्रतापगड महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांत आहे. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वी हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडत असे. येथेंहि डोंगर आहे व जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. महाशिवरात्रीस महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यास हिंदु व मुसलमान दोन्ही समाजांचे लोक येतात. जवळ गोठणगांव आहे. तेथें १९७२ पासूनची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गाढवी नदीवरील इटियाडोह धरण व नवेगांवबांधचा जुना तलाव हींहि याच तालुक्यांत. त्यामुळें परगांवचा माणूस या वाटेनें नेहमींच जात-येत असतो, आणि जातां-येतां एखाद्या दारांत थांबून “अंडीं आहेत काय?” म्हणून विचारतो.

आम्ही ज्या घरीं गेलों त्यांची जमीन चार एकरांच्या आंत आहे. बहुतेक सर्व धानाच्या बांध्या. धुऱ्यांवर तूर, आणि धान निघाल्यावर राहिलेल्या ओलीवर लाखोळी. घराच्या मागें सांदवाडी आहे. तिच्यांत आमच्या पहिल्या खेपेस पंचवीसएक कोंबड्या, दोन कोंबडे आणि सात शेळ्या होत्या. घरांत पति-पत्नी, म्हातारी सासू आणि अर्जुनीस कॉलेजांत जाणारा एक मुलगा.

कोंबड्यांना विकतचें खाद्य जवळजवळ नाहीं. सकाळीं खुराडें उघडलें कीं त्या उकिरडा, तणशीच्या गंजीचा तळ व गोठा धुंडाळतात. किडे, वाळवी, सांडलेला दाणा व कोंवळें गवत हाच त्यांचा मुख्य आहार. सायंकाळीं परत बोलावण्यापुरती धानाची कणकी व कोंडा टाकतात. अंड्याचें कवच घट्ट व्हावें म्हणून तलावांतील शिंपल्या भाजून, कुटून एका खापरांत ठेवलेल्या असतात. रात्रीं खुराडें दगडांनीं पक्कें करावें लागतें, कारण मुंगूस व रानमांजर यांचा उपद्रव आहे. हें सर्व काम घरधनीण व तिची सासू पाहतात. घरधन्यानें आम्हांस पहिल्याच भेटींत हसून सांगितलें, “धानाचा हिशेब माझा, कोंबड्यांचा हिचा. त्यांत मला विचारूं नका.” या वाक्याचें महत्त्व आम्हांस पुढें कळलें.

पहिली खेप : वैशाखांतील अंडीं

वैशाखांत आम्ही तीस अंडीं घेतलीं. घरधनीणीनें टोपलींतील सर्व अंडीं दिलीं नाहींत, एका बाजूस ठेवलेलीं बारा-तेरा अंडीं दाखवून ती म्हणाली, “हीं खुडूक कोंबडीखालीं बसवायचीं आहेत, भाऊ. हीं विकलीं तर पुढच्या वर्षीं तुम्हांला काय देऊं?” जास्त किंमत देऊं केली तरी तिनें तीं दिलीं नाहींत. एकवीस दिवसांनीं निघणारीं पिल्लें हीच तिची पुढील सालची बेगमी होती.

घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं पाहतों तों तिसांपैकीं चार अंडीं खराब. फोडल्यावर पिवळ्या बलकावर रक्ताच्या बारीक शिरा दिसल्या. आम्हीं निरोप पाठविला. पुढें त्या वाटेनें जाण्याचा योग आला तेव्हां बाईंनीं वाद न करतां चारांच्या ऐवजीं पांच अंडीं हातावर ठेविलीं. परंतु तिच्या चेहऱ्यावर खेद स्पष्ट दिसत होता. अंडीं शिळीं नव्हतीं हें ती शपथेवर सांगत होती, आणि तें खरेंच होतें.

दोष शिळेपणाचा नव्हता, उन्हाळ्याचा होता. कळपांत कोंबडा असला म्हणजे अंडीं सबीज होतात. पूर्व विदर्भांत वैशाखांत उष्मा ४० अंशांच्या वर जातो. अशा उष्म्यांत सबीज अंड्यांतील गर्भ कोंबडी बसली नसतांहि वाढूं लागतो, आणि दोन-तीन दिवसांत अंडें नासतें. याला उपाय सोपा आहे. कोंबडीला अंडें घालण्यासाठीं कोंबड्याची गरज नसते. गरज असते ती फक्त पिल्लें काढण्यासाठीं. बसवावयाचीं अंडीं माघ-फाल्गुनांत धरून ठेवावीं आणि चैत्र लागतांच कोंबडे निराळे बांधावे. त्यानंतर सुमारें दोन आठवड्यांनीं मिळणारीं अंडीं निर्बीज असतात व बरीच अधिक टिकतात. शिवाय अंडीं ओल्या वाळूंत बसविलेल्या मडक्यांत, सावलींत ठेवावीं. तीं पाण्यानें धुऊं नयेत, कारण कवचाला बारीक छिद्रें असतात आणि वरचा नैसर्गिक लेप धुतला गेला कीं घाण आंत शिरते. मळलेलें अंडें कोरड्या फडक्यानें पुसावें.

गिऱ्हाइकानेंहि दोन परीक्षा शिकून घ्याव्या. ताजें अंडें पाण्यांत तळाशीं आडवें बसतें, जुनें उभें राहतें, नासकें तरंगतें. अंधाऱ्या खोलींत अंड्यामागें विजेरी अगर मोबाइलचा दिवा धरला तर आंतील शिरा अगर काळा डाग दिसतो. ही दुसरी परीक्षा विकणाऱ्यानेंच विक्रीपूर्वीं केली तर तक्रारीस जागा राहत नाहीं.

येथें एक भ्रमहि दूर केला पाहिजे. तपकिरी कवच म्हणजे अधिक पौष्टिक अंडें असें नाहीं. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. बलकाचा गडद रंग हिरव्या चाऱ्यामुळें व मक्यामुळें येतो. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा आपल्या देशांत १९३७ सालीं झाला. अ‍ॅगमार्कच्या प्रतवारींत ५३ ते ५९ ग्रॅमचें अंडें मोठें, ४५ ते ५२ चें मध्यम व ३८ ते ४४ चें लहान धरतात. आपल्या देशी कोंबडीचें अंडें बहुधा या लहान वर्गांत बसतें. म्हणजे वजन कमी असूनहि गिऱ्हाईक अधिक किंमत देतें. ती किंमत रंगाची नाहीं, वजनाचीहि नाहीं. हा माल कोठला, कशावर पोसलेला व किती दिवसांचा हें ठाऊक असल्याची ती किंमत आहे. विकणाऱ्याचा शब्द हाच येथें खरा माल होय.

दुसरी खेप : पोळ्याचा आदला दिवस

विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मांसाला किती मागणी असते हें वाचकांस सांगावयास नको. श्रावण सरलेला असतो आणि त्या एका दिवशीं कोंबडा मागेल त्या भावानें जातो. आम्ही आदल्या दिवशीं सकाळींच दोन कोंबडे घेण्यासाठीं प्रतापगडास पोंचलों. बाई दारांतच बसल्या होत्या. म्हणाल्या, “आज कांहीं मागूं नका, भाऊ. देतां येणार नाहीं.”

गल्लींतील तीन घरीं मानमोडी आली होती. यांच्याहि दोन कोंबड्या त्या पहांटे मान वांकडी करून, हिरवी हगवण लागून मेल्या होत्या. बाकीचा कळप वरून धडधाकट दिसत होता. आमच्या डोळ्यांदेखत एक व्यापारी मोटारसायकलला टोपले बांधून आला, आणि शेजारच्या घरांतून मलूल पक्षीं मिळेल त्या भावानें उचलून घेऊन गेला. ते दुसऱ्या दिवशीं कोणाच्या तरी ताटांत जाणार होते, आणि वाटेंतील प्रत्येक गांवीं रोगाचें बीज टाकीत जाणार होते. यांच्या दाराशींहि तो थांबला. बाईंनीं मान हालविली. मुलगा रागावला, “मरणारच आहेत तर पैसे तरी येऊं दे,” असें तो म्हणाला. सासूनें त्याला उत्तर दिलें, “हे भाऊ चार अंडीं नासलीं तर परत आले. मेलेली कोंबडी विकली तर कोण परत येईल?”

पुढील आठ दिवसांत यांच्या सोळा कोंबड्या मेल्या. घरधन्यानें खोल खड्डा खणून, चुना टाकून त्या पुरल्या. वर्षाच्या सर्वांत मोठ्या विक्रीच्या दिवशीं त्या घरांत एक रुपयाहि आला नाहीं.

हा रोग इंग्लंडमधील न्यूकॅसल येथें १९२६ सालीं ओळखला गेला व पुढच्याच सालीं कुमाऊंतील राणीखेत येथें आढळला. म्हणून आपल्याकडे त्यास राणीखेत रोग म्हणतात. एकदां लागल्यावर त्यास औषध नाहीं. परंतु प्रतिबंधक लस खात्रीची आहे. पिल्लूं ५ ते ७ दिवसांचें असतांना डोळ्यांत अगर नाकांत लासोटा लसीचा थेंब, आणि आठव्या आठवड्यास आर-टू-बी लस पंखाच्या कातडीखालीं टोंचून. मग या घरीं लस कां दिली गेली नव्हती? दरवर्षीं दिली जात असे. यंदाच चुकली, आणि कां चुकली तें समजून घेण्यासारखें आहे.

वसंतापासून शहरांतील गिऱ्हाईक वाढलें होतें. तें रोख पैसे देत नसे. मोबाइलवरून मुलाच्या खात्यांत भरीत असे. मुलानें ते पैसे उधळले नाहींत. फी भरली, गाडींत तेल घातलें. परंतु पूर्वीं अंड्यांचा जो पैसा बाईंच्या डब्यांत पडे व ज्यांतून लस, मोटारभाडें व बर्फाची पेटी यांचा खर्च निघे, तो डबा रिकामा राहिला. मालाला भाव चढला, विक्री वाढली, आणि जी कोंबड्या संभाळते तिच्याच हातांत पैसा येईनासा झाला. मागावयाचें कोणाकडे, या संकोचांत लस राहून गेली. कोंबड्यांचा हिशेब हिचा, हें घरधन्याचें वाक्य तोंडीं राहिलें; व्यवहारांत तें कोणाच्याहि लक्षांत न येतां मोडलें होतें.

शहरचें गिऱ्हाईक घरीं आणणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यानें या गोष्टीचा विचार करावा. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें देशांतील सुमारें ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकीं जवळजवळ ३२ कोटी पक्षी परसांतील आहेत, आणि २०१२ पासून परसांतील संख्या सुमारें ४६ टक्क्यांनीं वाढली. परसांतील पक्षी बहुतेक ठिकाणीं बायकाच संभाळतात. धंदा वाढवितांना त्यांचा पैसा त्यांच्याकडून सरकला, तर सोय कोणाचीहि होत नाहीं. कळप मात्र उघडा पडतो.

तिसरी खेप : पौषांतील बोकड

पौषांत गेलों तेव्हां सांदवाडींत नवीन पिल्लांचा किलबिलाट होता. बसवलेल्या अंड्यांतून निघालेल्या तलंगा, तसेंच रोगांतून वांचलेल्या सात कोंबड्या, यांवर कळप पुन्हां उभा राहत होता. लसीची गोष्ट आतां निराळ्या रीतीनें ठरली होती. लसीच्या एका कुपींत शंभर अगर त्याहून अधिक मात्रा असतात आणि ती कालवल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. एका घरच्या वीस कोंबड्यांसाठीं ती आणणें परवडत नाहीं. म्हणून गल्लींतील सर्व घरांनीं एक दिवस नेमला, बर्फाच्या पेटींत एकच कुपी आणली व पहांटे खुराडीं उघडण्यापूर्वीं सर्वांच्या पक्ष्यांस लस दिली. मोबाइलवरील पैसे आतां बाईंच्या स्वतःच्या बँकखात्यांत येतात. ती संख्या वाचून दाखविणें एवढेंच काम मुलाकडे आहे.

या वेळीं आम्हांस बोकड पाहिजे होता. या भागांत बोकड अजून नजरेनें विकला जातो. व्यापारी पाठीवर हात फिरवितो, कमरेशीं चिमटा घेतो व आंकडा सांगतो. त्याचा हात रोजचा असतो, शेतकऱ्याचा वर्षांतून चार वेळांचा. चूक कोणाच्या बाजूस पडणार तें उघड आहे. जिवंत बोकडाच्या वजनाच्या सुमारें ४५ ते ५० टक्के मांस निघतें. म्हणजे २० किलोच्या बोकडाचें ९ ते १० किलो मांस. हिशेबापुरता मांसाचा भाव किलोस ७०० रुपये धरूं. नजरेनें २० किलोचा बोकड १७ किलोचा ठरला, तर जवळजवळ दीड किलो मांसाचा, म्हणजे सुमारें हजार रुपयांचा तोटा एका जनावरामागें होतो. टांगावयाचा तराजू या एका तोट्याहून स्वस्त मिळतो. आम्हीं बरोबर तराजू नेला होता. बोकड साडेबावीस किलो भरला. घरधन्याची नजर वीसावर होती. भाव वजनावर ठरला, आणि तो तराजू आम्ही तेथेंच ठेवून आलों.

बोकड आम्हीं जिवंत घेतला व पुढील सोय आमच्या रीतीप्रमाणें केली. ज्यांना घरींच कापून मांस विकावयाचें आहे त्यांनीं कायदा ध्यानांत ठेवावा. स्वतः पोसलेलें जनावर जिवंत विकणें ही शेती होय. परंतु कापून मांस विकणें हा अन्नव्यवसाय ठरतो, व त्यास २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालीं नोंदणी लागते. कापण्यापूर्वीं रात्रभर दाणा बंद ठेवून पाणी मात्र द्यावें, रक्त पूर्ण जाऊं द्यावें, आणि मांस त्याच दिवशीं खपेल इतकेंच करावें. जनावरास औषध दिलें असेल तर त्याची पशुवैद्यानें सांगितलेली मुदत संपेपर्यंत मांस, दूध अगर अंडीं विकूं नयेत.

विश्वासाची किंमत

विश्वास गेला म्हणजे काय होतें हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें देशांत प्रथमच बर्ड फ्लू आढळला. लाखों पक्षी नष्ट करावे लागले, आणि रोगापासून शेंकडों मैल दूर असलेल्या गांवींहि कोंबडीचें गिऱ्हाईक नाहींसें झालें. नीट शिजविलेल्या मांसापासून भय नाहीं असें सांगूनहि लोक ऐकेनात. कारण ताटांतील कोंबडी कोठून आली हें कोणासच ठाऊक नव्हतें.

हें ठाऊक असण्याची व्यवस्था सहकारानें होऊं शकते. डेन्मार्कमधील शेतकऱ्यांनीं १८९५ सालीं अंडीं निर्यात करणारी सहकारी संस्था काढली. प्रत्येक अंड्यावर सभासदाचा क्रमांक उमटविला जाई. नासकें अंडें निघालें कीं कोणत्या घरचें तें लगेच कळे व त्यास दंड होई. त्या शिक्क्यानें डेन्मार्कच्या अंड्यांस इंग्लंडच्या बाजारांत पत मिळाली. आपल्याकडे, तेव्हांच्या त्रावणकोर संस्थानांतील मार्तांडम येथें स्पेन्सर हॅच यांच्या ग्रामसुधारणा केंद्रानेंहि खेडुतांची अंडीं एकत्र विकण्याचा उपक्रम चालविला होता. मोठ्या कुक्कुटपालकांनीं १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति स्थापून स्वतःच्या मालाचा भाव स्वतः जाहीर करण्यास आरंभ केला. परसांतील अंड्यांना मात्र असा कोणी वाली नाहीं. त्यांची पत घरोघरीं आपली आपणच मिळवावी लागते.

प्रतापगडच्या घरीं आतां एक लहानशी गोष्ट सुरू झाली आहे. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनें तारीख घालतात. सासूला अक्षर येत नाहीं. ती आंकडा मात्र काढते. पेन्सिलीस दोन रुपये पडले. त्या तारखेकडे पाहून गिऱ्हाईक अधिक प्रश्न विचारीत नाहीं.

ज्या शेतकरी बंधूंस अशी विक्री करावयाची असेल त्यांस आमची विनंति इतकीच. चैत्रांत कोंबडे निराळे करा. अंड्यावर तारीख घाला व दिव्याशीं धरून मगच द्या. बोकड तोलून विका. शेजाऱ्यांसह एक दिवस ठरवून लस द्या. बसवावयाचीं अंडीं व बीजाचा कोंबडा कितीहि भाव आला तरी विकूं नका. कळपांत मर लागली तर त्या पंधरवड्यांत दार बंद ठेवा. आणि या धंद्याचा पैसा जी सांदवाडी संभाळते तिच्याच हातीं जाऊं द्या. पोळ्याच्या आदल्या दिवशीं रिकाम्या हातांनीं परत पाठविलें गेलेलें गिऱ्हाईक पौषांत पुन्हां आलें, याचें कारण त्या घरानें त्या दिवशीं दिलेला नकार हेंच होतें.